आवाराचे वर्ष मृगात सुरू होते

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. पेटुनिया, डेलिया, फ्लॉक्स, शेवंतीचे ताटवे बघून माणसे बाहेर पडतात ती थेट एखाद्या नर्सरीत शिरतात आणि फुलांनी लगडलेल्या कुंड्या डिकीत घालून घरी आणतात. त्याच आठवड्यात माळ्याला फोन जातो, लॉनचा भाव विचारला जातो, पोयट्याची ट्रॉली सांगितली जाते. मार्च सरेपर्यंत फुले संपतात. एप्रिलमध्ये लॉन पिवळे पडते, मे महिन्यात टँकर दारात उभा राहतो आणि जूनच्या तोंडावर घरातले कोणीतरी वैतागून म्हणते, "त्यापेक्षा सगळीकडे फरशी टाकून घेऊ."

बंगल्यांच्या, रो-हाउसच्या आणि गावाकडे बांधलेल्या नव्या घरांच्या आवारांत हे नाटक वर्षानुवर्षे चाललेले दिसते. दोष माळ्याला दिला जातो, मातीला दिला जातो, नाहीतर "आमच्या हाताला झाडे लागत नाहीत" असे म्हणून नशिबाला दिला जातो. खरे तर वेळ चुकलेली असते. जानेवारीत प्रदर्शनात डोलणारी रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली असतात. आवार ज्या दिवसांत सर्वांत देखणे दिसते ते दिवस सहसा नवे काम काढायचे नसतात, आणि कामाचे दिवस असतात तेव्हा बाहेर चिखल असतो नाहीतर उकाडा.

बागकामाची जी पुस्तके आणि चित्रफिती आपल्यापर्यंत पोहोचतात, त्यांतल्या बऱ्याच वसंत, ग्रीष्म, पानगळ आणि बर्फाचा हिवाळा या चार ऋतूंवर बेतलेल्या असतात. त्यांतला सल्ला त्यांच्या मुलखात बरोबर असतो. इथे मात्र वर्षाचे दोनच भाग पडतात: पावसाचे चार महिने आणि बिनपावसाचे आठ. शेतकऱ्याने हे कधीच ओळखले आणि आपले वर्ष नक्षत्रांवर बसवले. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी मृग, मग आर्द्रा, आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त. घराभोवतीच्या दीड-दोन गुंठ्यांनाही तेच पंचांग लागू पडते. या पुस्तकाची मांडणी म्हणूनच जानेवारी ते डिसेंबर अशी केलेली नाही. पहिले प्रकरण रोहिणीचे आहे आणि शेवटचे वैशाखाचे. सगळ्या प्रकरणांतून एकच गोष्ट सांगायची आहे: आपल्याकडे आवाराची निगा म्हणजे चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवण्याचे काम. लॉन, ताटवे, झाडे, पायवाटा हे सगळे त्यानंतर येते.

ही काही नवी शिकवण नाही. लॉन येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांना अंगण होते, परस होते आणि दोन्हींची ऋतूंप्रमाणे निगा राखली जात होती. कोकणात भातकापणीच्या सुमारास अंगण नव्याने करतात. पावसाने धुपलेली जमीन उकरायची, वर माती पसरायची, पाणी मारून ती चोपण्याने चोपून टणक करायची आणि शेणाने सारवायची. मग त्यावर मांडव पडतो आणि पुढचे सहा-सात महिने घराचा निम्मा संसार त्या सावलीत चालतो. पाऊस जवळ आला की मांडव उतरतो, आणि ज्या बाजूने सरी मारतात तिकडे झावळ्यांच्या झडी बांधल्या जातात. देशावरच्या वाड्यांत पुढचा चौक फरसबंद असे. मागच्या परसात न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी केळी, अळू, कर्दळीला जाई. एक घागरही वेगळी ओतावी लागत नसे. पुढे तुळशीवृंदावन, मागे कढीपत्ता, बाजूला पारिजातक. कुठे काय लावायचे याचा विचार पाणी कुठून येते आणि कुठे जाते यावरून झालेला होता.

लॉन आपल्याकडे आले ते इंग्रजांच्या छावण्यांतल्या बंगल्यांबरोबर. इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, उन्हाळा सौम्य असतो, त्यामुळे गवत आपोआप हिरवे राहते आणि प्रश्न उरतो तो फक्त कापण्याचा. तो प्रश्नही एडविन बडिंग या ग्लॉस्टरशरमधल्या कारागिराने 1830 मध्ये सोडवला. कापडाची लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला गवत कापण्याच्या यंत्राची कल्पना सुचली. तोवर विळ्याच्या लांब पात्याने गवत कापणाऱ्या मजुरांचा ताफा ज्याला परवडे त्याच्याच घरापुढे लॉन दिसे. यंत्रामुळे ते मध्यमवर्गाच्या दारात आले. खडकी किंवा पुणे कॅम्पमधल्या साहेबाला मात्र कापण्याआधी पाण्याचा प्रश्न होता, आणि तो स्वस्त मजुरीने सुटत असे. आज बंगला आपला आहे, गवत तेच आहे, पण पाणी घालणारी माणसे गेली आणि पाणीही महाग झाले. लॉनबद्दलचा निर्णय या वस्तुस्थितीवर घ्यायला हवा.

म्हणून थोडी आकडेमोड करू. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होते. 1,000 चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर एवढ्या तुकड्यावर वर्षभरात 65,000 लिटर पाणी पडते. आता दुसरी बाजू. फेब्रुवारी ते मे या काळात लॉन हिरवेगार ठेवायचे तर रोज सरासरी 5 मिलिमीटर पाणी लागेल असे धरा. भर उन्हाळ्यात त्याहून जास्तच लागते. म्हणजे रोज 465 लिटर, आणि 120 दिवसांचे जवळजवळ 56,000 लिटर. त्या जागेवर वर्षभरात आकाशातून जेवढे पडते, त्यातला बहुतेक सगळा वाटा तिथले गवत चार महिन्यांत पिऊन टाकते. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटरचे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने 1,000 चौरस फुटांचे लॉन म्हणजे घरात वाढलेली साडेतीन माणसे.

हा हिशेब वाचून लॉन काढूनच टाकावे असे माझे म्हणणे नाही. लहान मुलांना लोळायला, आजोबांना अनवाणी चालायला, संध्याकाळी चार खुर्च्या टाकून बसायला गवतासारखी दुसरी जागा नाही. पण त्यासाठी 1,000 फूट कशाला? जिथे खरोखर बसता, खेळता, चालता, तेवढाच तुकडा गवताला द्या. बहुतेक घरांत तो 200 ते 300 चौरस फुटांच्या वर जात नाही. उरलेल्या जागेचे काय करायचे, त्यासाठी या पुस्तकाची दोन प्रकरणे खर्ची घातली आहेत.

पाण्याच्या पाठोपाठ माती. नव्या घराच्या आवारातली माती ही बहुधा माती नसतेच. बांधकाम उरकताना ठेकेदाराने राडारोडा तिथेच पसरलेला असतो आणि त्यावर सहा इंच लाल माती टाकून आवार "तयार" करून दिलेले असते. खात्री करून घ्यायची असेल तर कुदळीने फूट-दीड फूट खोल, तेवढाच रुंद खड्डा घ्या आणि त्याच्या कडेकडे नीट बघा. वर भुसभुशीत लाल थर, त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे घट्ट झालेले ढेकूळ, एखादी वाकलेली सळई, प्लास्टिकची पिशवी, आणि मग पिवळट मुरूम नाहीतर चिकट काळी माती. आता खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी तासा-दोन तासांत उतरले तर निचरा चांगला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तिथेच असले, तर त्या जागी लावलेले प्रत्येक रोप पावसाळ्यात कुजणार आणि उन्हाळ्यात तडकलेल्या जमिनीत मुळे उघडी पडून वाळणार. अशा जागी नर्सरीतून महागडी रोपे आणण्याआधी पैसे मातीवर घालावेत.

डोंगरउतारावरच्या घरांत मुरूम असतो. पाणी चटकन निघून जाते, अन्नांश टिकत नाही. नदीकाठच्या सखल भागात काळी माती असते. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्हींवर औषध मात्र एकच, सेंद्रिय खत. चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट किंवा पालापाचोळ्याचे खत मुरमाड जमिनीला पाणी धरायला शिकवते आणि काळ्या जमिनीला सोडायला. पोयटा घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. पोयट्याच्या ट्रॉलीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आणि काँग्रेस गवताचे बी फुकट येते. माती कुठली आहे हे विचारावे, शक्य तर तिथे जाऊन पाहावे. आवाराला उतार घराकडून बाहेरच्या दिशेला द्यावा. 100 फुटांना एक फूट एवढा पुरतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण पाण्याला कळतो.

आता वर्षाकडे वळू. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक टप्पा सविस्तर येईलच. इथे फक्त रूपरेषा सांगतो.

मे महिन्यात सगळे आंबे खाण्यात गुंतलेले असतात, आणि आवारातले निम्मे काम नेमके तेव्हाच करायचे असते. लव्हाळ्याने भरलेली जागा असेल तर ती आधी हाताळावी. लव्हाळा वरून उपटला की पात हातात येते आणि जमिनीखालची गाठ राहते, तिलाच आठवड्याभरात नवी पात फुटते. म्हणून नवीन लॉन करायची जागा खणून, गाठी वेचून, पाणी मारून मोकळी ठेवावी. जे उगवेल ते खुरप्याने गाठीसकट काढावे आणि हेच पुन्हा एकदा, जमले तर तिसऱ्यांदाही करावे. मे महिन्यात ही तीन आवर्तने जो करतो, त्याची पुढची तीन वर्षे वाचतात. जुन्या लॉनमध्ये दाताळ्याने खरवडून वाळलेल्या गवताचा खालचा थर काढावा, काट्याने भोके पाडावीत आणि चाळलेला पोयटा, वाळू व शेणखत यांचे मिश्रण पातळ पसरावे. गच्चीचे पन्हाळे, गटाराच्या जाळ्या, शोषखड्डा हेही याच महिन्यात साफ करावे. वादळात कोसळू शकणाऱ्या फांद्यांकडे बघावे, पण कोयता चालवण्याआधी एक लक्षात ठेवावे: झाड आपल्या आवारात असले तरी शहरात ते तोडण्यासाठी परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी 1975 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि अर्ज पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करावा लागतो. मोठी छाटणीही त्यांना विचारल्याशिवाय करू नये.

मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच कुदळ घेऊन धावू नये. ओल किमान वीतभर खोल जाऊ द्यावी आणि वाफसा येऊ द्यावा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, ही वाफशाची खूण. चिखलात तुडवलेली जमीन वर्षभर घट्ट राहते. लॉन लावायला, झाडे लावायला, कलमे करायला जून-जुलैसारखा काळ नाही, कारण पहिले दोन महिने पाणी घालण्याचे काम आकाश करते. उन्हाची खुली जागा असेल तर हरळीच्या कुळातले गवत घ्यावे. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळते ते त्यातलेच. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही हरळीच्याच. शेतकरी तिला शिव्या घालतो आणि जगभरची गोल्फ मैदाने तिच्यावर उभी असतात. 'मेक्सिकन' किंवा 'कोरियन' अशा नावांनी मिळणारे बारीक पात्याचे गवत मऊ आणि दिसायला सुंदर असते, पण कापले नाही तर त्याचे उंचवटे होतात. अर्धवट सावलीत रुंद पानाचे बफेलो गवत तगते. आंब्याच्या दाट सावलीत यांतले एकही तगत नाही. तिथे लॉनचा हट्ट सोडून द्यावा.

जुलै-ऑगस्ट हे कापणीचे महिने. एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये. तीन आठवडे गवत वाढू द्यायचे आणि मग एकदम जमिनीलगत भादरायचे, हा प्रकार सर्रास चालतो, आणि गवत मरते ते त्यामुळेच. गवत भिजलेले असताना यंत्र चालवू नये. पाती फाटतात आणि बुरशी शिरते. याच दिवसांत काँग्रेस गवत फुलायच्या आत मुळासकट उपटावे, तेही हातमोजे घालून, कारण त्याने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते आणि दमा बळावतो. 1950 च्या दशकात त्याची भारतातली पहिली ठळक नोंद पुण्यातच झाली आणि आयात गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. तेव्हापासून रिकामा प्लॉट म्हणजे त्याचे माहेर. शंखी गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी टाकावीत, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोज्याने गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. कुंडीखालच्या थाळ्या, जुने टायर, नारळाच्या करवंट्या दर आठवड्याला रित्या कराव्यात. डेंग्यूच्या डासाला पैदाशीसाठी वाटीभर स्वच्छ पाणी पुरते.

गणपती उठले की लॉनवर लक्ष ठेवावे. हिरव्या गवतात मधेच पिवळे, तळहाताएवढे डाग दिसू लागतात. पाणी कमी पडले असेल असे वाटून घरचे लोक पाइप धरतात, पण डाग वाढतच जातो. त्या जागी साळुंक्या आणि कावळे चोची मारताना दिसले की समजावे, प्रकरण वेगळे आहे. डागावरचे गवत मुठीत धरून हलकेच ओढले तर मुळांशिवाय उचलून येते आणि खालच्या ओल्या मातीत तपकिरी डोक्याच्या, पांढऱ्या, जाड अळ्या इंग्रजी सी या अक्षरासारख्या वळून पडलेल्या दिसतात. ही हुमणी. उसाच्या शेतकऱ्याची जुनी ओळखीची. तिचा बंदोबस्त सप्टेंबरात जड जातो; तो मे-जूनमध्येच करायचा असतो. वळवाचा किंवा पहिला पाऊस पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्या आठ-दहा रात्री झाडाखाली दिवा लावून त्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवली, फांद्या हलवून भुंगेरे वेचले, तर पुढची अंडी टळतात. पावसाळ्याअखेरच्या रोगाचे औषध पावसाळ्याच्या तोंडाशी असते, हे आवारात पुन्हापुन्हा दिसते.

हस्ताचा पाऊस हा वर्षाचा शेवटचा ठेवा. तो जमिनीत जिरवला आणि झाकला तर पुढचे दोन महिने सुखाचे जातात. याच काळात झाडांची आळी नीट करावीत, त्यांत पालापाचोळा, वाळके गवत, भाताचे काड, जे मिळेल त्याचे तीन-चार इंच आच्छादन घालावे. खोडाला मात्र ते भिडू देऊ नये. पानगळीत पाने झाडून काडी लावण्याची सवय आवाराचे सर्वांत मोठे नुकसान करते. जे जळते ते खत असते आणि जो धूर होतो तो शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी, हिवाळी फुलांची लागवड, लॉनला शेवटची हलकी खताची मात्रा. थंडी पडली की लॉनची वाढ मंदावते आणि रंग थोडा उतरतो. ते आजारपण नाही. अशा वेळी युरिया टाकणे म्हणजे झोपलेल्याला जेवायला उठवणे. पाणी कमी करावे, कापणी कमी करावी, आणि डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याला आधी ताण देऊन मग छाटावे, म्हणजे चैत्रात तो ओंजळ भरून देतो.

फेब्रुवारीपासून मात्र आवार आपली परीक्षा घेते. लॉनला रोज वरवर शिंपडण्याऐवजी तीन-चार दिवसांनी एकदा, पहाटे, भरपूर पाणी द्यावे. मुळे पाण्याच्या मागे खाली जातात आणि ऊन सोसायला शिकतात. पाणी किती खोल गेले ते लांब पेचकस मातीत खुपसून बघावे. जिथवर तो सहज जातो तिथवर ओल आहे. चालून गेल्यावर गवतावर पावलाचा ठसा तसाच राहू लागला की पाण्याची वेळ झाली समजावे. कापताना पाते नेहमीपेक्षा अर्धा इंच उंच ठेवावे. आणि पाणीटंचाई आली तर लॉन सुकू द्यावे. हरळीची मुळी जमिनीखाली जिवंत राहते, पहिल्या पावसानंतर ती पुन्हा हिरवी होते. झाडांचे तसे नसते. एक सोनचाफा वाळला तर पुढची पाच-सात वर्षे गेली. तेव्हा टंचाईत पहिली बादली झाडाला, दुसरी वेलीला आणि उरली तर गवताला.

आवारात कायमच्या सुधारणा कोणत्या कराव्यात, हा पुस्तकाचा दुसरा भाग. त्यातले तीन ठोकताळे इथेच सांगून ठेवतो. पहिला, सावली पश्चिमेला. घराला तापवते ती दुपारनंतरची भिंत. तिथे एक मध्यम आकाराचे झाड हे कूलरपेक्षा जास्त काम करते. मोठ्या आवारात तामण लावावा. तो महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे आणि ऐन उन्हाळ्यात जांभळा फुलतो. बहाव्याचे पिवळे घोसही त्याच दिवसांतले. लहान आवाराला पारिजातक, सोनचाफा, लिंबू, कढीपत्ता, अनंत पुरेत. गुलमोहर मादागास्करहून आलेला, दिसायला झोकदार. पण त्याची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ असतात, घराजवळ त्याला जागा देऊ नये. वड, पिंपळ, उंबर यांना तर कंपाउंडच्या आत आणूच नये. त्यांची जागा गावठाणात आणि माळावर. दुसरा, सिमेंट कमी. पेव्हर ब्लॉकखाली काँक्रीट ओतले की पाऊस आवारात न जिरता गटारात जातो आणि उन्हाळ्यात बोअरवेल कोरडी पडते. पायवाटेला फरशीचे सुटे तुकडे, मधे बोटभर फट, खाली वाळू. गाडी उभी राहते तिथे फक्त चाकांपुरत्या दोन पट्ट्या. तिसरा, गच्चीचे पाणी आवारातच. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवरून 700 मिलिमीटर पावसात सगळी गळती वजा जाता 50,000 लिटर तरी हाती लागते. ते टाकीत साठवा किंवा शोषखड्ड्यात सोडा, पण रस्त्यावर सोडू नका.

हे पुस्तक मुख्यतः देशावरच्या, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा, छत्रपती संभाजीनगर अशा भागांतल्या घरांना समोर ठेवून लिहिले आहे. कोकणात आणि गोव्यात पाऊस याच्या चौपट पडतो, माती जांभ्याची असते आणि प्रश्न धूप व शेवाळाचे असतात. विदर्भात मे महिना याहून कितीतरी कठोर असतो. त्या-त्या ठिकाणी काय बदलायचे ते प्रकरणांच्या शेवटी दिले आहे. औषधांची आणि रासायनिक खतांची नावे मुद्दाम कमी ठेवली आहेत. जी आहेत त्यांची मात्रा डब्यावरच्या सूचनेप्रमाणे घ्यावी; अंदाजपंचे टाकलेल्या खताने जळालेली लॉने दुष्काळाने वाळलेल्या लॉनांपेक्षा जास्त असतील.

एक शब्द माळीकाकांबद्दल. बहुतेक आवारे ते सांभाळतात आणि बहुतेक घरांत त्यांना आठवड्यातून दोन तास मिळतात. त्या दोन तासांत झाडून काढा, कापा, पाणी घाला एवढेच सांगितले जाते. त्यांना खड्डा खणायला, खत मुरवायला, हुमणीचे भुंगेरे वेचायला सांगा आणि त्या कामाचे पैसे वेगळे द्या. हे पुस्तक त्यांच्यासमोर उघडून ठेवा. यातल्या अर्ध्या गोष्टी त्यांना आधीच माहीत असतील, फक्त आजवर कोणी विचारलेल्या नसतील.

वाचकाला शेवटची विनंती अशी की पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक कागद घ्या. आवाराचा कच्चा नकाशा काढा: घर, कंपाउंड, नळ, झाडे, दुपारची सावली कुठे पडते ते. पहिला मोठा पाऊस थांबला की छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठे साचते, कुठून वाहते, किती तासांनी जिरते ते त्यावर लिहा. दोन दिवसांचे काम आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. ते झाल्याशिवाय नर्सरीत जाऊ नका, लॉनचा भाव विचारू नका, माळ्याला काम सांगू नका. पुस्तकातला पुढचा प्रत्येक सल्ला तो नकाशा तुमच्या हातात आहे असे धरूनच दिलेला आहे.